अँटवर्पचा बाक

आमच्या मुकुंदवाडीत नळाला पाणी आठवड्याने येतं. अशा ठिकाणच्या माणसाने समुद्रात नोकरी धरावी, याचं गल्लीला पहिल्यापासून हसू होतं. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. तिथून ओळखीने मालवाहू जहाजाच्या इंजिनात गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. सुट्टीवर आलो की टपरीवर कुणीतरी हमखास विचारायचं, "काय दादा, लई देश पाह्यले म्हणं तुम्ही?" मी "व्हय" म्हणायचो. सुरुवातीला खरं सांगून पाहिलं होतं, पण ते लोकांना आवडलं नाही.

खरं असं, की जहाज बंदराला लागलं म्हणून काम सुटत नाही. पाळी संपली, हाताचं तेल निघालं आणि वरच्या साहेबांच्या मनात असलं, तर किनाऱ्यावर जायला मिळतं. शिडीपाशी फळा असतो. त्यावर परत यायची वेळ खडूने लिहिलेली असते, आणि ती चुकली तर जहाज काही आपल्यासाठी खोळंबत नाही. खलाशांच्या क्लबची गाडी गोदीच्या फाटकावरून गावात नेऊन सोडते, तीच परत आणते. मधे जो वेळ उरतो त्याला आम्ही जग पाहणं म्हणायचो. त्या वेळात कुठल्याही देशातला खलाशी एकच गोष्ट करतो. क्लबचं फुकट वायफाय जिथवर पोचतं तिथे जागा धरतो आणि घरी फोन लावतो. फिलिपिन्सचे, युक्रेनचे, रत्नागिरीचे, सगळे भिंतीला ओळीने टेकलेले आणि सगळे आपापल्या भाषेत 'जेवलीस का' विचारत असलेले. इतके सुखाचे तास मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

आमचं जहाज नेमाने अँटवर्पला लागायचं. तिथला क्लब एका चौकात होता. चौकात एक बाक होता, त्यावर वायफाय यायचं आणि वारा लागायचा नाही. तो बाक माझा. बायकोला व्हिडिओ कॉल लावला की ती दोन वाक्यांत माझी तब्येत उरकायची आणि म्हणायची, "तुमचं तोंड लग्नापासून बघतीय. गाव दाखवा." मग मी मागचा कॅमेरा लावून हात लांब करायचो. पुढे सिमकार्ड मिळायला लागलं, तेव्हा तर गाडीतून उतरल्यापासूनच तिची फर्माइश सुरू व्हायची. गाडी स्टेशनाजवळ सोडायची. तिथून चौकापर्यंत मी आरतीचं ताट धरल्यासारखा फोन पुढे धरून चालायचो. "जरा डावीकडं घ्या. ती बाई काय घेऊन चालली? थांबा, ती खिडकी बघू द्या." दोनदा खांबावर आदळलो. त्यावर तिने खांब नीट दाखवायला सांगितलं.

बाकावर टेकून जरा बरं बोलणं सुरू होतंय, तोच ती ओरडायची, "पाणी आलं!" आणि फोन गच्चीच्या कठड्यावर ठेवून पळायची. पुढचा कॉल मी आमच्या गच्चीवरचं आभाळ पाहत आणि टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत काढायचो. तोही मला आवडायचा. टाकी भरून ती परत येईपर्यंत माझ्या गाडीची वेळ झालेली असायची. दोघांपैकी कुणीतरी उठायचंच. आमचा संसार बराचसा असा झाला.

निवृत्त झालो तेव्हा तिने एकच मागणं घातलं. "मला दागिना नको, काय नको. त्या गावात तुमच्यासंगं एकदा चालायचंय." म्हणून आम्ही तिकडच्या एका सहलीत नाव घातलं. मोकळ्या दिवशी आमचे आम्ही आगगाडीने अँटवर्पला जाणार होतो. सहलीचा माणूस सोबत यायला तयार होता. मी त्याला सांगितलं, तिथला दगड न् दगड माझ्या ओळखीचा आहे. मला धास्ती वेगळीच होती. गाव हिच्या मनासारखं निघालं नाही तर काय? तसं झालं असतं तर ती सगळी वर्षं फुकट गेल्यासारखी वाटली असती. रात्री झोप लागली नाही.

स्टेशनाबाहेर आलो आणि मला काहीच ओळखू येईना. रस्ते होते, ट्रामगाड्या होत्या, दुकानं होती. यातलं एकही मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मी तोऱ्यात उजवीकडे वळलो.

"अहो, तिकडं कुठं? इकडून," ती म्हणाली.

मग तीच पुढे चालली, मंडईत निघाल्यासारखी. "इथं पाववाला हाय. ह्या दाराला निळा रंग होता, बदलला मेल्यांनी. आता ट्रामचे रूळ येतील, जपून. आणि हा तुमचा खांब." रूळ आले. खांबही आला. मी मुकाट्याने मागून चाललो होतो आणि माझ्या लक्षात येत होतं, की या रस्त्याने इतक्यांदा जाऊन मी फक्त फोनच्या पडद्याकडे पाहिलं होतं. पडद्यावर तिचा चेहरा असायचा. रस्ता सगळा तिनेच पाहिला होता.

चौकात आल्यावर मात्र ती थांबली. चारी बाजूंना पाहिलं. चर्चचा मनोरा, कारंजं, क्लबची पायरी, सगळं तिने नावं घेत ओळखलं. मग म्हणाली, "आता मला ठाव नाय. तुम्ही कुठं बसायचात?"

तेवढं एकच तिला कधी दिसलं नव्हतं. कॅमेरा नेहमी बाकावरून बाहेर रोखलेला असायचा. मी तिला बाकापाशी नेलं. ती कडेला बसली, शेजारच्या लाकडावरून हात फिरवला, पदराने पुसलं. मी कारंज्याकडे बघत बसलो. गाव आवडलं का, हे मला विचारवेना.

बऱ्याच वेळाने मनोऱ्यावर टोले पडले आणि मी ताडकन उठलो. क्लबच्या गाडीची वेळ. पाय आपोआप चालायला लागले होते.

तिने माझा सदरा धरला. "बसा हो," ती म्हणाली. "आज पाणी आलं तरी मी उठणार नाय."

मी बसलो.