किल्ली पर्समध्ये, सासूबाई गाडीत

"गाडी गेली, आणि किल्ली माझ्याकडेच आहे," मंजूषा मॅडम फोनवर सांगत होत्या. "आई मागच्या सीटवर आहेत."

मी तेव्हा रायपूरला एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस ॲडव्हायझर होतो. म्हणजे गाडीवाल्याची तक्रार ऐकायची आणि मेकॅनिकला समजेल अशी करून सांगायची. शहर राजधानी झालं होतं, गाड्या वाढल्या होत्या. बटणावर सुरू होणाऱ्या मात्र अजून नव्याच होत्या.

मॅडम आमच्या गिऱ्हाईक, बँकेत अधिकारी. साडी घ्यायला गोल बाजारात गेल्या होत्या. ऊन फार, म्हणून सासूबाईंसाठी एसी चालू ठेवून गाडी दुकानापुढेच उभी केली होती. परत येतात तर जागा रिकामी.

"आजींना फोन लावला?"

"त्यांचा फोनही माझ्याच पर्समध्ये आहे. पण किल्लीशिवाय गाडी चालणारच नाही ना?"

इथे मला खरं सांगावं लागलं. अशा गाडीत किल्ली खिशात असली तरी पुरते, खोचावी लागत नाही. पण गाडी ती फक्त सुरू होताना शोधते. एकदा इंजिन चालू झालं की किल्ली दूर गेली तरी गाडी नुसती बीप करते, थांबत नाही. मध्येच बंद पडू नये म्हणून ते तसं केलेलं असतं.

"म्हणजे चोर कुठंही जाईल?"

"बंद करेपर्यंत. मग पुन्हा सुरू होणार नाही."

"पण तो बंद कशाला करेल, भैया?"

मॅनेजरसाहेबांनी पोलिसांना फोन लावला. तेवढ्यात टेबलावरचा ब्रेकडाऊनचा फोन वाजला. रस्त्यात गाडी अडली की लोक ज्यावर बोलावतात, तो.

"हलो, तुमची गाडी बंद पडली," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला. "उरल्याच्या कारखान्यांच्या रस्त्यावर. ट्रकच ट्रक आहेत इथं."

मी मॅनेजरसाहेबांचा हात धरला. "आजी, गाडी बंद कशी झाली?"

"मले थंडी वाजून राहिली होती. ट्रकच्या जाममध्ये थांबलो, तं म्हटलं एसी बंद कर. त्यानं मोठं बटणच दाबलं. मंजूनं पाठवलेला ड्रायव्हर काही कामाचा नाही, बाबा. लय उडवते गाडी."

"हा फोन कोणाचा?"

"त्याचाच. समोर तुमचा नंबर चिकटवला आहे, तो त्यानं लावून देला. मंजूले काहून त्रास द्यायचा? ती लुगडे पाहून राहिली. घ्या, बोला त्याच्याशी."

आणि चोर फोनवर आला.

"भैया, स्टार्ट नहीं हो रही. बटन दबाओ तो 'की' लिखके आता है."

नोकरीत एकच आवाज कमावला होता, तोच लावला. "घबराइए मत. गाड़ी का दिमाग गरम हो गया है. मैकेनिक निकल चुका है." मग लक्षात आलं, एसी बंद आणि काचा वर. ऊन तर भाजत होतं. "पहले चारों दरवाजे खोलिए. माताजी को हवा लगने दीजिए."

"हव," तो म्हणाला. दारं उघडल्याचा आवाज मला ऐकू आला.

मॅडमना वाटेत घेऊन आम्ही पोचलो, तोवर पोलिसांची गाडी पाहून तो पळाला होता. आजी उघड्या दारात पाय सोडून पाण्याचं पाऊच चोखत बसल्या होत्या. मॅडम त्यांच्या गळ्यात पडून रडू लागल्या.

"अवो, काहून रडतं? पोट्ट्यानं पाणीसुद्धा आणून देलं."

चोर संध्याकाळपर्यंत सापडला. त्याचा नंबर आमच्या फोनमध्ये होताच. ठाण्यात हवालदाराने विचारलं, "अपना फोन काहे दिया रे?"

तो म्हणाला, "मांजी ने मांगा. मना कैसे करता?"

पुढे गाडी सर्व्हिसिंगला आली की आजी माझ्याकडे चौकशी करायच्या: त्या ड्रायव्हरला दुसरीकडे काम मिळालं का? मी हो म्हणायचो.

तेव्हापासून डिलिव्हरी देताना मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगत आलो. गाडी किल्ली एकदाच विचारते, नंतर चालवणारा कोण याच्याशी तिला देणंघेणं नसतं. उतरताना बटण दाबायला एक बोट पुरतं. न दाबलेल्या बटणामागे त्या दिवशी अर्धं वर्कशॉप आणि एक ठाणं धावलं.