आखाजीचे तीन सालदार

साखर कारखान्यातला वेल्डर गिरधर निवृत्त झाला, तेव्हा पुरुषोत्तमनगरच्या क्वार्टरमधलं सगळं सामान एका टेम्पोत मावलं. मावली नाहीत ती त्याची तीन झाडं: बकुळ, कदंब आणि सीताअशोक. हौसेनं कुंडीत लावलेली, कुंड्या फुटल्या तशी पत्र्याच्या ड्रमात आलेली. आता मुळांनी ड्रमही फुगवले होते. नवं घर म्हणजे शहाद्यातला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. तिथल्या गॅलरीत माणूसही तिरका उभा राही.

"क्वार्टर खाली करनं शे," त्याची बायको रंजनाबाई म्हणाली. "झाडेसना काय करशात?"

"स्थळ देखी ऱ्हायनू."

पहिलं स्थळ मंगल कार्यालयाचं. मालकाला झाडं हवी होती, पण दाराशी, चकचकीत कुंड्यांत.

"परत कुंडीमा?" गिरधर चहा न घेताच उठला.

मग तो तापीकाठच्या नवनीतभाईच्या मळ्यात गेला. नवनीतच्या ऊसगाडीचे सांधे त्यानं कितीदा जोडून दिले होते.

"दादा, केळीमा सावली चालत नही," नवनीत म्हणाला. "बांधवर लावू त शेजारी भांडस."

गिरधरनं पाहिलं. विहिरीपाशी मोकळा तुकडा होता. माणसं उन्हातच, डोक्यावर टॉवेल टाकून भाकरी खात होती. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, तोंडावर आलेली. त्या दिवशी जुन्या सालदारांचं, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यांचं, साल संपतं, नव्यांचं ठरतं. गिरधरचा बाप जन्मभर सालदार होता.

"मग त्यासले सालवर ठेव."

"कोनले?"

"तिन्ही झाडेसले. आखाजीपासून आखाजीपर्यंत. काम नही करं त मी वापस लई जासू."

"काम काय करतीन?"

"तुन्हा मानसेसले सावली देतीन."

"मजुरी?"

"पानी."

नवनीतनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सालदार मधमाच पयी गयात त?"

"त्यासले पाय नहीत, भाऊ."

विहिरीवरची माणसं भाकरी हातात धरून हसली. सौदा ठरला.

आखाजीला ट्रॉलीतून झाडं मळ्यात आली. गिरधरनं स्वतः जोडलेले ड्रम स्वतःच ग्राइंडरनं उभे कापले. रंजनाबाईनं खोडांना कुंकू लावलं आणि नवनीतला बजावलं, "बकुळ लाडाई शे. ओरडू नका."

वर्षभर गिरधर काही ना काही निमित्त काढून मळ्यावर जाई. पण पुढची आखाजी जवळ आली, तशी त्याची झोप उडाली. साल बोलला होता तो. नवनीत शब्दाचा पक्का, आणि गॅलरी तेवढीच.

आखाजीच्या सकाळी नवनीत दारात. चेहरा सरळ.

"दादा, साल संपनं."

गिरधरनं हळूच विचारलं, "काम बरोबर नही करं का?"

"कदंब विहिरवर वाकी ऱ्हायना. बकुळ सुस्त शे. दुपारले मानसे तठून उठतच नहीत."

"मग लई जाऊ?"

"लई जा. पन उपटीसन दाखाडा."

नवनीतनं पिशवीतून नवा सदरा काढून गिरधरच्या मांडीवर ठेवला. "नवा सालले सालदारले कपडा देवानी रीत शे. झाडेसले येत नही, म्हनीसन त्यासना बापना, तुन्हा मापना आना."

रंजनाबाईनं सदरा उलगडून पाहिला.

"सालदार तीन," ती म्हणाली, "आनि सदरा एक?"