काशिरामनं सोडलेली राणी

रोडपालीच्या देवळाच्या पडवीतला कॅरम दोघांचा होता. जगन आणि काशिरामनं तो लग्नाआधी पनवेलच्या बाजारातून डोक्यावर घेऊन आणला होता. मिठागरावरून परतले की हातपाय धुवायचे आणि समोरासमोर बसायचे. काशिरामचा नेम चांगला, जगनचा त्याहून चांगला. त्याचा खेळ बघायला कामोठ्याहूनही माणसं येत.

एका हिवाळ्यात बांध लिंपताना चिखलातल्या कालवाच्या शिंपल्यानं जगनच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कापलं. फडकं गुंडाळून त्यानं काम चालूच ठेवलं. बोट काळं पडलं. पनवेलच्या दवाखान्यात ते मुळापासून काढावं लागलं.

जखम भरल्यावर काशिरामनंच त्याला ओढून पडवीत आणलं. जगन मधल्या बोटानं टिचकी मारू लागला. स्ट्रायकर भलतीकडेच जाई. बघणारे यायचे थांबले. तरी हळूहळू जगन जिंकायला लागला. घरी बायकोला सांगायचा, "जने, हात बसतोय बघ."

एके दिवशी राणी भोकाच्या अगदी तोंडाशी होती. फुंकर घातली तरी पडली असती. काशिरामचा स्ट्रायकर तिच्या शेजारून गेला. जगननं वर पाहिलं. काशिराम बोर्डावरची पावडर उगाच पुसत होता.

"तू सोडलीस तिला."

"नाय रं. हात घसरला."

"तुजा हात? कवापासून सोडतोस?"

काशिराम सोंगट्या गोळा करू लागला.

"हरवायचं व्हतंस मला," जगन म्हणाला. "हरलो असतो, पन खेळलो तरी असतो." तो उठून गेला.

काशिराम घरी यायचा, जनीनं दिलेला चहा प्यायचा. जगन मागच्या दारानं निघून जायचा. असाच तो उन्हाळा गेला. पावसाच्या तोंडावर काशिराम होता ती मिठाची होडी खाडीत उलटली. बरोबरचे दोघे पोहून आले. काशिराम सापडला तो ओहोटीला.

सगळं आटोपल्यावर त्याची बायको मालू जगनला म्हणाली, "तुमी येत नव्हता, तरी रोज पडवीत जाऊन बसायचे. तुमच्या जाग्यावर कुनाला बसू देत नव्हते."



पुढं पनवेलच्या एस.टी. स्टँडशेजारच्या हॉटेलात कॅरम आला. सोंगट्यांचा आवाज कानावर पडला की जगन दाराशी थबके. खेळणारे म्हणत, "या की काका, बसा एक डाव." तो नुसती मान हलवी. त्याची गाडी भरून निघून जाई, आणि तो पिशवी धरून तिथंच उभा असे.