परकराला लागलेल्या मुंग्या

“म्याडम, हिले आज उंद्रीले मायेरी सोडून येतो. पोरगी आमच्यापाशी राहीन.”

वंदनाचा नवरा ओपीडीच्या दारातूनच बोलला. बत्तीस वर्षांची वंदना बाकावर मान खाली घालून बसली होती, शेजारी सासू.

“काऊन?” मी विचारलं. देऊळघाटकडच्या या आरोग्य केंद्रात डॉक्टरकी करून माझ्याही तोंडात हेच शब्द बसलेत.

“तीनदा तुमचं औषध झालं. बरंच होऊन नाही राह्यलं. बाहेरून आणलेला रोग असंन.”

वंदनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी त्याला बाहेर बसवलं.

तिचा त्रास असा: खाज, आग आणि दह्यासारखं घट्ट पांढरं जाणं. ही बुरशी. थोडी तर चांगल्या धडधाकट बाईच्या अंगातही असते, वाढली की त्रास. कुणाकडून आणावी लागत नाही. योनीत ठेवायच्या गोळ्यांनी बहुधा आठवड्यात बरी होते. पण घाण वास, हिरवट रंग किंवा ओटीपोटात दुखणं असेल, तर आजार दुसरा आणि औषधही दुसरं. म्हणून तपासावं लागतं.

मी पहिल्यांदा तपासलं होतं. पुढच्या दोन्ही वेळी सासू एकटीच आली. सुनेचं असलं दुखणं सासूनं सांगायचं आणि गोळ्या पदरात बांधून न्यायच्या, ही इकडची रीत. रांग मोठी होती. मीही मुकाट्यानं लिहून दिलं.

आज वंदनाला टेबलावर घेतलं. बुरशीच होती, खाजवून कातडी सोललेली.

“आतून कशानं धुतेस?”

“तुरटीच्या पाण्यानं. साबणबी लावतो.”

“अगं, त्यानं आग वाढते. बंद कर ते.”

पडद्यापलीकडून सासू कडाडली, “धुईन नाही तं काय करीन? इच्या परकराले मुंग्या लागतात, म्याडम! न्हाणीत मुंग्याच मुंग्या. चांगल्या बाईच्या कपड्याले लागतात का मुंग्या?”

माझा हात थांबला.

“मावशी, हे आधी काऊन नाही सांगितलं?”

“असं सांगाव का कोणाले? लाज नाही का?”

मी ड्रॉवरमधून शुगरचं मशीन काढलं. बोटाला सुई टोचली. तीनशे सेहेचाळीस. तहान फार लागते का, विचारलं. वंदना म्हणाली, “हाव. रात्री चार-चारदा उठतो.” तिच्या लघवीतून साखर जात होती. त्या साखरेवर मुंग्या येत होत्या आणि बुरशीही पोसत होती.

नवऱ्याला आत बोलावलं. “बाहेरचा रोग नाही. शुगर आहे. हिला मायेरी नाही, बुलढाण्याला न्या, रक्त तपासायला.”

त्यानं वंदनाची पिशवी उचलली.

शुगरच्या गोळ्या सुरू झाल्या, बुरशीचं औषध या वेळी जास्त दिवस दिलं. दोन महिन्यांनी वंदना आली. एकटी.

“मुंग्या गेल्या, म्याडम. खाजबी गेली.”

“घरच्यांनी माफी मागितली का गं?”

“माफी?” ती हसली. “आमच्यात कोण मांगते?”

मग मीच मागितली. मशीन तिन्ही वेळा माझ्या हाताशी, त्याच ड्रॉवरमध्ये होतं. तेव्हापासून कुणाची सासू कितीही घाईत असो, सून समोर बसल्याशिवाय मी पेन उघडत नाही.