मागून आवाज येत होता: जळगाव–धुळे–सोनगीर, एक डिफरन्शियल आणण्यासाठी

जळगावात दोन सीटची स्पोर्ट्स कार ठेवायची म्हणजे रोज कुणाला ना कुणाला उत्तर द्यावं लागतं. "ताई, यात भाजीची पिशवी कुठं ठेवता?" हा प्रश्न मी चार वर्षांत इतक्या वेळा ऐकलाय की आता विचारणाऱ्यालाच पिशवी मांडीवर घेऊन बसायला सांगते. मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. आठवडाभर लोकांचं रक्त तपासायचं आणि रविवारी ही वीस वर्षांची, परदेशातून आलेली निळी गाडी पळवायची, हा माझा शौक. पळवते मी, पळती ठेवतात बाबा. बाबा बस डेपोत तेहतीस वर्षं मेकॅनिक होते. आई गेल्यावर ते घरात नुसते बसून असायचे, या गाडीने त्यांना अंगणात आणलं, मग गल्लीतल्या गाड्याही त्यांच्याकडे येऊ लागल्या.

दिवाळीच्या आधी गाडीच्या मागून आवाज सुरू झाला. चाळीसच्या पुढे गेलं की हूंऽऽ करून कण्हायची, पाय उचलला की गप्प. पार्किंगमध्ये वळवताना मागे कटकट. बाबा एकदाच शेजारी बसून आले आणि म्हणाले, "मधून येतंय. डिफरन्शियल." म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधली ती लोखंडी पेटी, जी इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटते. मी म्हणाले, "नाही बाबा, मला उजव्या चाकातून ऐकू येतंय." दोनदा म्हणाले, चारदा म्हणाले. शेवटी त्यांनी दोन्ही मागच्या चाकांची बेअरिंग बदलली. आवाज तसाच. त्या संध्याकाळी त्यांनी हात धुतले, पान्यांची पेटी खाटेखाली सरकवली आणि म्हणाले, "माझे कान गेले. विकून टाक ही."

दोन महिने पेटी बाहेर आली नाही. गाडी मला हवीच होती, पण त्याहून मला बाबा परत गाडीखाली गेलेले हवे होते. म्हणून धुळ्याच्या एका भंगारवाल्याकडे अशीच, पुढून चेपलेली गाडी आल्याचं कळल्यावर मी जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी सात वाजता त्यांना अक्षरशः उठवून गाडीत बसवलं. पान्यांची पेटीही घेतली. "मी नुसता येतोय," ते म्हणाले. बरं, नुसते या.

रस्त्याचं सांगते. जळगाव ते धुळे साधारण शंभर किलोमीटर, पाळधी, एरंडोल, पारोळा असं. आता चौपदरी झालाय, पण जानेवारीत कापसाच्या गाड्या असतात आणि त्यांच्या मागे उडणारा कापूस काचेवर चिकटतो. एरवी पावणेदोन तास पुरतात. आम्ही पन्नासच्या वर गेलोच नाही, त्यामुळे तीन तास लागले. मागची पेटी अशी आजारी असताना कुणी एवढं अंतर चालवू नका, मी चालवलं कारण मला बाबांना तो आवाज ऐकवायचा होता. पारोळ्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत राहिले.

पारोळ्याला चहा आणि गरम भजी घेतली. चहा बरा, भजी उत्तम. इथंच वाचकांना एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं नीट समजेल. आवाज सुरू झाला तेव्हाच मी टॉर्च घेऊन गाडीखाली गेले होते. त्या लोखंडी पेटीवर इंग्रजीत, म्हणजे बाबांना वाचता येत नाही अशी, पट्टी आहे: यात ठराविक तेलच घाला. आत बारीक क्लच प्लेटा असतात, साध्या दाट तेलात त्या झिजतात आणि तो भुगा बाकीचं सगळं खातो. दोन वर्षांपूर्वी माझ्या वाढदिवसाला बाबांनी मला न सांगता गाडीची पूर्ण सर्व्हिस केली होती. भेट म्हणून. मागच्या पेटीत त्यांनी बसला घालतात ते तेल घातलं होतं, रिकामा डबा अजून अंगणात होता. हे त्यांना कळू नये म्हणून मी उजवं चाक, उजवं चाक करत बसले. गुपचूप तेल बदलून घेऊ, आवाज जाईल, असं वाटलं होतं. पण आतले दात तोवर खाल्ले गेले होते आणि मला ते कळेपर्यंत बाबांची पेटी खाटेखाली गेली होती.

धुळ्यात शिरायच्या आधी हायवेलगत तो भंगारवाला आहे. पांढरी दाढी, कानाला फोन, सगळे त्यांना चाचा म्हणतात. डिफरन्शियल त्यांनी आधीच काढून गोणपाटावर ठेवलं होतं. "पैंतीस," चाचा म्हणाले. मी पंचवीस म्हणाले. तीस हजारावर थांबलो. नव्याच्या किमतीत जळगावात एक बरी स्कूटर येईल आणि वाट बघावी लागते ती वेगळीच, म्हणून तीस मला परवडले.

बाबा लांब उभे होते. मग ते हळूहळू जवळ आले, उकिडवे बसले, पुढची फ्लँज, म्हणजे शाफ्ट जोडायची चकती, दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून फिरवू लागले. एकदा इकडे, एकदा तिकडे. "हे चांगलंय. दात कुठं अडकत नाही." मग अंगठ्याने वरचा मळ पुसला. पट्टी निघाली.

"काय लिहिलंय? वाच."

मला खोटं वाचता आलं असतं. कंपनीचं नाव, नंबर, काहीही. मी त्यांच्या अंगठ्याकडे बघितलं आणि जे होतं ते वाचलं.

"आपल्यावर पण हेच लिहिलंय?"

"हो."

"तुला कधीपासून माहीत?"

"दिवाळीच्या आधीपासून."

बाबा उठले, डिकी उघडली, जागा करायला चादर बाजूला केली. खाली योग्य तेलाच्या दोन बाटल्या होत्या, मी मागवून लपवलेल्या. त्यांनी एक उचलून पाहिली, परत जागेवर ठेवली. चाचा आणि त्यांनी मिळून डिफरन्शियल आत ठेवलं. पस्तीस-चाळीस किलो असेल, गाडी मागून दबली. चाचांना काही कळलं नसावं, ते नोटा मोजू लागले.

धुळ्याहून सोनगीर वीस किलोमीटर, आग्र्याकडे. सोनगीरचा किल्ला डाव्या हाताला की उजव्या, आज मला आठवत नाही. मी रडत नव्हते, पण रस्त्याखेरीज काही बघतही नव्हते. अर्ध्या वाटेवर बाबा बोलले.

"म्हणजे माझा कान बरोबर होता?"

"पहिल्या दिवसापासून."

"तेल चुकलं ते माझं. बसच्या हिशोबाने घातलं, विचारायला पाहिजे होतं. चुकलं की माणूस शिकतो. पण तू मला माझ्याच कानावर संशय घ्यायला लावलास, बेटा. दोन महिने मी रात्री उशीवर घड्याळ ठेवून ऐकत होतो, टिकटिक ऐकू येते का म्हणून."

मी माफी मागितली. ते "हं" म्हणाले आणि काच खाली करून मागचा आवाज ऐकू लागले.

सोनगीरला हायवेवर नानांचं ट्रकचं गॅरेज आहे. नाना बाबांच्या ओळखीचे. आम्ही थांबायच्या आधीच ते हसत बाहेर आले. "काय व्हयनं वं माय? इतली भारी गाडी नि आवाज ट्रॅक्टरना?" मग बाबांकडे वळून, "भाऊ, तुमना कान काय सांगस?"

बाबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "डिफरन्शियल," ते म्हणाले. "आणि तेल मी चुकीचं घातलेलं." पान्यांची पेटी त्यांनी स्वतः उतरवली.

मागची बाजू लोखंडी घोड्यांवर चढवून आधी तेल सोडलं. काळं, दाट, आणि तेल सोडायच्या प्लगच्या लोहचुंबकाला नुसती काजळी नाही, चक्क लोखंडाच्या चकचकीत कपच्या. माझ्या लॅबमध्ये असा नमुना आला असता तर मी पेशंटच्या घरच्यांना बसवून घेतलं असतं. नाना म्हणाले, "हाई तं बठ्ठं दळाई गयं." खरंच, आतलं सगळं दळलं गेलं होतं. बाबांनी मधला लांब शाफ्ट सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खडूने खूण केली, म्हणजे परत तसाच जुळेल. मग दोन्ही बाजूंचे चाकांकडे जाणारे शाफ्ट, मग बोल्ट. एक बोल्ट इतका गंजला होता की नानांनी त्याला तीन पिढ्यांच्या शिव्या घातल्या. जॅकवर तोलत जुनी पेटी खाली आली, त्याच वाटेने नवी वर गेली.

अडलं ते वायसरवर. तेलाच्या दोन्ही प्लगखालचे तांब्याचे वायसर, तेल गळू न देणाऱ्या त्या गोल चकत्या, चेपून पातळ झालेले. शहरात असतो तर दुकानं पालथी घातली असती. सोनगीरला भांडी घडवणारे तांबट आहेत. बाबा जुने वायसर खिशात घालून गल्लीत गेले, मी मागे. तांबट काकांनी हंड्याच्या उरलेल्या पत्र्यातून चार कापले, लालभडक तापवले आणि पाण्यात सोडले, म्हणजे तांबं मऊ पडतं आणि घट्ट बसतं. बाबा मान हलवत बघत होते. पैसे विचारले तर काका म्हणाले, "चार वायसरना कसाना पैसा?" मी एक लहान तांब्या विकत घेतला, तेवढंच.

तेल बाबांनी माझ्या बाटलीतूनच भरलं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. आधी बाटलीवरचं सगळं मला मोठ्याने वाचायला लावलं, दोनदा. चार वाजता आम्ही शिरपूरच्या दिशेने फेरी मारली. साठ. सत्तर. पाय दाबून, पाय सोडून. फक्त टायरांचा आवाज. बाबा शेजारी हात मांडीवर ठेवून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं.

मुक्काम परत धुळ्यात, देवपूर भागात साध्या लॉजवर केला, खोली स्वच्छ, गिझर चालू. शेवभाजी खायची तर धुळ्यातच, आणि तिखटाची तयारी ठेवून. सकाळी निघून दहाच्या आत घरी पोचलो. नवी पेटी बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर जोर करायचा नसतो, म्हणून परत कापसाच्या गाड्यांमागे राहिलो. या वेळी मला घाई नव्हती.

त्याला आता तीन आठवडे झाले. अंगण पुन्हा गाड्यांनी भरलंय. परवा शेजारच्यांची रिक्षा आली, पुढून काहीतरी खडखडत होतं. बाबा वाकून ऐकत होते. पाना उचलण्याआधी ते माझ्याकडे वळले.

"तुला यातलं आधीच काही माहीत आहे का? असेल तर आत्ता सांग."

रिक्षावाले भाऊ हसले. मीही हसले, पण बाबा हसत नव्हते, ते उत्तराची वाट बघत होते.

"नाही बाबा. खरंच नाही."

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग रिक्षाखाली गेले.