बिबड्यांचा राखणदार

शेजारी राहूनही लीलाधरनानांना तोतारामभाऊंची फारशी माहिती नव्हती. दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन पिंप्राळ्यात आलेला एकटा माणूस, इतकंच. बायको कधी गेली, हेही त्यांनी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया नानांच्या गच्चीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालत. कावळे हाकलायला तोतारामभाऊ काठी घेऊन बसत. वर्षभरात त्यांना माणसांची सोबत मिळायची ती तेवढीच.

मग त्यांचं काळीज वेडंवाकडं धडधडू लागलं. डॉक्टरांनी अमिओडॅरोन दिलं. पेशींतून पोटॅशियम बाहेर पडायच्या वाटा ते अडवतं, त्यामुळे दोन ठोक्यांमध्ये काळजाला उसंत मिळते, असं त्यांनी सांगितलं. या गोळीवर ऊन लागलं की कातडी निळी पडते, म्हणून ऊन मात्र टाळायला बजावलं. तोतारामभाऊंनी गोळी घेतली, पण गच्ची सोडली नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत कपाळ, नाक, गाल राखेसारखे निळसर झाले.

"आबा, तुमाले पाहीसन कावळा पळतीन," भिकुबाई म्हणाली, "पन पाव्हनाबी पळतीन ना!"

सगळ्या हसल्या. तेही हसले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या लताबाईंनी कावळ्यांना बुजवायला गच्चीवर काळी छत्री उघडून ठेवली आणि राखणीला कुणाला बोलावलं नाही. नाना पेपर वाचत राहिले.

त्याच आठवड्यात तोतारामभाऊंनी कुणाला न सांगता गोळी सोडली. छातीत काहीच झालं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. आता आपण बरे झालो, असंच त्यांना वाटलं असणार.

चैत्रात ते अंथरुणातच गेले. फडताळात गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या निघाल्या. डॉक्टर नानांना म्हणाले, "हे औषध चरबीत मुरतं. बंद केलं तरी कित्येक महिने पुरतं. रंग उतरत होता, तसा आधारही उतरत होता."

गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते नानांच्या ओट्यापाशी थांबले होते. चेहरा उजेडाकडे केला.

"नाना, फरक वाटतो ना?"

"वाटतो की."

"मग आखाजीचा सण झाला की बिबडे घालतील, तेव्हा हाक मारा."

"मारतो. चहा घेता?"

"नको, नळाला पाणी आलंय."