शिंपल्यांपुरता उजेड

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाल्यावर माधवरावांना एक नाद लागला. वलवणच्या घरात, पुढच्या खोलीत, त्यांनी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. तिच्यात प्रवाळ होतं, चार-दोन मासे होते. पण त्यांचा जीव होता तो पैदास केंद्रातून आणलेल्या तीन शिंपल्यांवर. शिंपले उघडले की आतला मांसल पदर निळा-जांभळा झळकायचा. त्या पदरात बारीक शेवाळ असतं, त्याला उजेड मिळाला तरच शिंपल्याचं पोट भरतं. म्हणून टाकीवर खास दिवा होता. डोंगरात राहून समुद्र पाळणारा माणूस आपण एकच पाहिला, असं त्यांच्या पत्नी रजनीताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

यंदा पावसाळ्यात तो दिवा माधवरावांना मंद वाटायला लागला. त्यांनी काच पुसली, दिव्यावरची मिठाची पुटं काढली. तरी मिणमिणतेपणा जाईना, तेव्हा मोबाइलवरून दिव्याचा जोर थोडा वाढवला. पुढे आणखी थोडा. रजनीताई कुरकुरल्या की या खोलीत भाजी निवडायला बसवत नाही, डोळे दिपतात. त्यांचं डोकं दुखत असेल, असं म्हणून माधवरावांनी ते सोडून दिलं.

दिवाळीच्या तोंडावर शिंपले आक्रसले. पदर आत ओढून बसले, आणि मधल्याचा रंग तर पार उडाला. उजेड कमी पडून त्यांची उपासमार होतेय, अशी माधवरावांची खात्री झाली. त्यांनी तळेगावच्या पवनला बोलावलं. टाकी त्यानेच बसवली होती आणि उजेड मोजायचं यंत्रही त्याच्याकडे होतं. काठीच्या टोकाची बटणाएवढी चकती शिंपल्यापाशी धरायची, की हातातल्या डबीवर आकडा उमटायचा.

पवनने तिन्ही शिंपल्यांपाशी मोजलं. मग पुन्हा मोजलं.

“काका, आपण बसवला तेव्हा इथे अडीचशे होता. आता पाचशेच्या वर आहे. उपाशी नाहीत ते. पोळतायत.”

यंत्र बिघडलंय, माधवराव म्हणाले. पवनने वाद घातला नाही. गच्चीवर जाऊन उन्हात धरून बघू, म्हणाला. भर दुपार होती, आभाळ स्वच्छ. आकडा दोन हजारापाशी थांबला. उन्हात एवढाच यायला हवा, असं पवनने सांगितलं. बोलताना त्याने डोळ्यांवर आडवा हात धरला होता. माधवरावांना तसा हात धरायची गरजच वाटत नव्हती. त्यांच्यासाठी गच्चीवर दिवेलागणीच्या आधीचा उजेड पडला होता.

कठडा धरून ते खाली आले. पवनने दिवा कमी करून दिला, शिंपले पूर्ववत व्हायला वेळ लागेल म्हणाला, आणि गेला. माधवराव टाकीसमोर बसले. उजवा डोळा हाताने झाकला. समोर टाकी होती, पाणी होतं, पण वरचा दिवा नव्हता. मान हलवली तेव्हा तो दिसला, आणि पुन्हा गेला.

त्यांच्या वडिलांना काचबिंदू झाला होता. शेवटची वर्षं ते भिंती चाचपत हिंडायचे, आणि ताटात काय वाढलंय ते बोटांनी ओळखायचे. नोकरीत असताना डोळ्यांच्या दर तपासणीला माधवराव हे आठवून आत जायचे आणि पास होऊन हसत बाहेर यायचे. निवृत्तीनंतर मात्र त्यांनी डोळे कुणाला दाखवलेच नव्हते. ते मुद्दामच टाळलं होतं, हे त्यांना आता कळत होतं.

रजनीताईंना ते काही बोलले नाहीत. बोललो की ते खरं होईल, असं वाटत राहिलं. जिना उतरताना हात भिंतीवरून निघेना. चहाचा कप नीट दिसत असूनही ते आधी बोटांनी चाचपू लागले आणि आपलेच हात पाहून दचकू लागले.

दिवा कमी केल्यापासून त्यांच्यासाठी टाकीत अंधारच होता. एका सकाळी शिंपले उघडलेत की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. एक शिंपला बोट लागताच मिटला. मधला मिटला नाही. त्यांनी पुन्हा बोट लावलं. आतला पदर लिबलिबीत होऊन सुटून आला.

रजनीताई दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हाही त्यांचा हात पाण्यातच होता.

“रजनी,” ते म्हणाले, “मला यातलं काही दिसत नाहीये.”

रजनीताईंनी त्यांचा हात टॉवेलने कोरडा केला, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “चप्पल घाला. आत्ताच निघायचं.”

पुण्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्यात नुसता वाढलेला मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेनंतर तो डोळा चांगला झाला. डाव्यात मोतीबिंदू होताच, पण काचबिंदूही होता. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली राखायला जन्मभर थेंब घालायचे होते. वर्षभर उशिरा आला असतात तर या डोळ्यासाठी माझ्या हातात काही उरलं नसतं, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दोन शिंपले वाचले. त्यांच्यावर हळूहळू रंग चढतोय, आणि तो माधवरावांना दिसतो. भीती मात्र गेलेली नाही. रोज सकाळी जाग आली की ते लगेच डोळे उघडत नाहीत. आधी रजनीताईंचा आवाज कानावर पडू देतात.